डावीकडची कोरी जागा

"ठोका आधी पडतो आणि सुई मागाहून सरकते," सगिनबाय म्हणाला. "मिशी बघ. पार केरसुणी झालीय."

गेनादी किमने चष्मा कपाळावर सारला आणि चाचणीच्या दगडी तुकड्यावरची मिशी न्याहाळली. ज्याची मिशी, तो कालमुरात कधीचा वारला होता. पण हल्ली ती रोज एका नव्या तुकड्यावर उगवत होती.

तोकमोक गावातल्या त्या शेडमध्ये सगिनबाय थडग्यांच्या दगडांवर चेहरे कोरायचा. यंत्राची सुई काळ्या ग्रॅनाइटवर टकटक करत जायची आणि पांढऱ्या ठिपक्यांतून माणूस उमटायचा. यंत्र अजून ठणठणीत होतं. त्याला हुकूम सोडणारा जुना कॉम्प्युटर मात्र वसंतात मेला. नव्या कॉम्प्युटरला यंत्राची जाड केबल लावायला जागाच नव्हती. किम पूर्वी कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने कुठून तरी एक कार्ड पैदा करून बसवलं, जुना प्रोग्रॅम चढवला. पण नवा गडी इतका चपळ, की जुन्या प्रोग्रॅमने मोजून ठेवलेले थांबे तो गिळूनच टाकायचा.

लेसरवाल्याकडे द्या, असं किम दोनदा म्हणाला. कालमुरातची म्हातारी बायको बुरुलचा, जिला सारे आदराने एजे म्हणत, तिने ऐकलं नाही.

शेडच्या मधोमध तिच्या नवऱ्याचा जोडदगड आडवा पडला होता. उजवीकडे कालमुरात, याच यंत्राने कोरलेला. डावीकडे कोरं. पुतण्यांना ट्रक घेऊन पिटाळून तिने तो कबरस्तानातून उचलून आणवला होता. दोघांवर एकच हात दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं. यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर ती बाजू कायमची कोरी राहणार.

ती रोज कणकेचे फुगीर बोरसोक तळून आणायची आणि दगडाशेजारी बसायची.

"एजे, एवढी घाई कसली?" सगिनबाय म्हणाला. "तुम्ही आम्हा दोघांना पोचवून मग जाल."

"किमचं सांगता येत नाही. तुला नक्की पोचवीन." तिने बोरसोकची परडी पुढे सरकवली. "बर्फ पडायच्या आत झालं पाहिजे. डोळ्याखालचा तीळ नीट येईल ना?"

सगिनबायने तिच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या सुरकुत्यांत तीळ कुठे दडला होता कोण जाणे. येईल म्हणाला. फोटो मागितला, तर यंत्र चालू झाल्यावर देईन म्हणाली.

चहा पिताना जुन्या गोष्टी निघाल्या. कालमुरातचा चेहरा कोरला जात होता तेव्हा तपकिरी रुमाल बांधलेली जिपार या दाराशी येऊन उभी राहिली होती. कालमुरातचं तिच्याकडे जाणंयेणं साऱ्या गावाला ठाऊक होतं. बुरुलचाने तिला नाही नाही ते बोलून हाकललं आणि कोऱ्या बाजूवर पंजा टेकून म्हणाली होती, ही जागा घरधनिणीची आहे.

"जिपार गेली म्हणे," सगिनबाय म्हणाला.

"गेल्या हिवाळ्यात. तुझा चहा निवतोय."

किमने शेवटी नव्या कॉम्प्युटरचा लगाम खेचणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लगाम किती खेचायचा ते सगिनबायने सांगायचं. यंत्रावर हात ठेवून, डोळे मिटून तो म्हणायचा, अजून हळू. अजून. मग एकदा टकटक अशी आली की त्याने डोळे उघडले.

तुकड्यावरची मिशी त्यांनी दगडावरच्या मिशीला लावून पाहिली. ठिपक्याला ठिपका जुळला.

सगिनबायने कोरी बाजू ओल्या फडक्याने पुसली. ज्याचा चेहरा कोरायचा, तेच माणूस समोर बसून चहा ओततंय, हे पाहून तो तीच जागा पुन्हा पुसत राहिला.

"एजे, एकदा कोरलं की पुसता येत नाही."

"म्हणून तर एवढी वर्षं लागली."

"पोरांना विचारलंत?"

"ओरडतील. ओरडू देत."

तिने हातातल्या रुमालाची गाठ सोडली, आतला फोटो बाहीने पुसला आणि कालमुरातच्या शेजारी ठेवला. सगिनबाय वाकला. जिपारच्या डोळ्याखालचा तीळ फोटोत अगदी स्वच्छ दिसत होता.