ताटातला खराटा

मुलांच्या वाढीवर संशोधन करणाऱ्या शलाकाने यंदा पाहिलेली ही नववी उष्टावण. मामाने बाळाला खिरीचं बोट चाटवलं आणि पुढ्यात ताट सरकवलं. पूर्वी त्यात पुस्तक, लेखणी, सोनं, माती असं काय काय असायचं. बाळ ज्याला हात घालील, ते त्याचं नशीब. या ताटात नुसता एक छोटा खराटा होता.

"बाकीचं काही नाही ठेवलंत?" शलाकाने विचारलं.

"कशाला?" बाळाची आई रेवती म्हणाली. "जन्मल्या दिवशीच टाचेचं रक्त घेऊन यंत्राने सांगितलंय, सफाईकाम. शाळा चौथीपर्यंतच मंजूर आहे. माझ्या वेळी आईने पाच वस्तू मांडल्या होत्या."

बाळाने खराट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते रांगत शलाकापाशी आलं आणि तिचं पेन त्याने मुठीत गच्च धरलं.

कुणीच हसलं नाही. रेवतीने त्याची बोटं एकेक करून सोडवली, पेन परत दिलं आणि त्या मुठीत खराटा कोंबला. बाळाने भोकाड पसरलं.

"तुमचा कागद वर जातो ना, मॅडम? खराटा उचलला म्हणून लिहा. नाहीतर यंत्राला खोटं पाडलं म्हणून चौथीही काढून घेतील."

पेन खिरीने चिकट झालं होतं. शलाकाने ते पुसलं नाही. आधीच्या आठ घरांखाली लिहिला होता, तोच शब्द तिने नवव्यांदा लिहिला: खराटा.