बिनसाखरेचा

आंबोली घाटातल्या टपरीवर नवरा म्हणाला, "माझा बिनसाखरेचा."

वृंदा चमकली. एरवी चहात वरून दोन चमचे साखर घेणारा माणूस! लग्नाच्या वाढदिवसाला मुलांना आजीकडे सोडून दोघंच गाडीने निघाले होते. सकाळपासून हा नाट्यगीतं गुणगुणत होता.

बिनसाखरेचा चहा, नाट्यगीतं... हा तर ती लिहीत असलेल्या कादंबरीतला नायक!

"तू माझी कादंबरी वाचलीस?"

"नऊ प्रकरणं झाली," कडू घोट गिळत तो ओशाळून हसला. "तू निम्मी मुलांची, उरलेली त्या नायकाची. म्हटलं, आपणच तो होऊन बघावं."

तिने साखर मागून घेतली, त्याच्या कपात घातली आणि ढवळतच राहिली.

दहावं प्रकरण तिने कालच लिहिलं होतं. त्यात नायिका नायकाला सोडून जाते.