रिकामा रकाना

आतड्यातली पॉलिपची गाठ काढल्यावर दुर्बिणीची तपासणी पुन्हा कधी करायची, हे सांगणारा प्रोग्राम तिनं वर्षभर खपून बनवला होता. आज तो ज्यांवरून शिकला होता त्या जुन्या नोंदी चाळताना तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, जे तपासणीला परत फिरकलेच नाहीत, त्यांच्यापुढे 'पॉलिप नाही' कसं लिहिलंत?"

"मॅडम, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे तुमचंच फर्मान," कारकून म्हणाला.

म्हणजे न आलेले सगळेच प्रोग्रामनं ठणठणीत धरले होते! आणि त्याच प्रोग्रामनं, पॉलिप काढलेल्या बाबांना तपासणीतून पाच वर्षांची सूट दिली होती. तिनं घाईघाईनं फोन लावला.

"बाबा, उद्याच्या उद्या तपासून घ्या!"

"अगं, मागच्या महिन्यात शौचाला रक्त दिसलं, तेव्हा डॉक्टरही तेच म्हणत होते."

"मग?"



"मग काय, ठणकावलं त्यांना! म्हटलं, माझ्या लेकीचं गणित कधी चुकायचं नाही."