थर्माकोलचा पंख

खाडीने रस्ते गिळल्यापासून लोक घरोघरी अंगणात विमानं बांधायचे, आणि पंखांच्या पोटात कोणता फोम भरायचा ते घरातली थोरली बाई ठरवायची. द्वारकाबाईंनी लेकाच्या पंखांत पेट्रोलला दाद न देणारा पिवळा फोम भरला. सुनेसाठी, नलूसाठी, मात्र पांढरा थर्माकोल आणला, जो पेट्रोल लागताच साखरेसारखा विरघळतो. "माहेरीच तर जायचंय हिला," त्या म्हणाल्या. "परत नाही आली तरी चूल अडत नाही."

नलूने पंख बांधले. पहिल्या उड्डाणाला सगळी आळी जमली तेव्हा तिने पंखातली टाकी पेट्रोलने भरली आणि सासूला वाकून नमस्कार केला.

"आई, फोम निवडणारीनंच पहिली फेरी मारायची, ही रीत तुम्हीच घातलीत. विमान आपलं आपण उडतं, तुम्ही नुसतं बसायचं."

टाकीपाशी पेट्रोल झिरपून पंखाची कड आत बसू लागलेली द्वारकाबाईंना दिसली. नलूलाही दिसली. थर्माकोलचं खरं बोलावं, तर आळीसमोर द्वारकाबाईंचं नाक कापलं जाणार होतं.

द्वारकाबाई चढून बसल्या. "पट्टा नीट आवळ," त्या म्हणाल्या. "आईनं एवढंही शिकवलं नाही वाटतं."

नलूने पट्टा नीट आवळला.