हाताला यश नाही

लेकीनं काच कापायचा हिरा काचेवर टेकवला की मागे उभा असलेला काचवाला बाप ओरडायचाच, "सांभाळ, फुटेल!" रेघ एका दमात ओढायची असते. तिचा हात मधेच अडायचा आणि काच भलतीकडेच फुटायची. "तुझ्या हाताला यशच नाही," बाप म्हणायचा.

आज तिचं डोकं फिरलं. "बाबा, माझा हात काचेला नाही, तुमच्या ओरडण्याला बिचकतो. जा, बाहेर जाऊन बसा!"

बाप पाय आपटत बाहेर गेला. तिनं न थांबता रेघ ओढली. टोकाशी काच खळ्ळकन फुटली.

"फुटली ना? सांगत होतो!" बाप बाहेरून गरजला.

"हो, फुटली! मी फोडली! शेवटी जास्त दाबलं मी," तिनं तिथूनच ठणकावलं आणि दुसरी काच पुढ्यात ओढली.