सरस्वतीबाईंचे टाके

सकाळपासूनची ही पाचवी उदबत्ती. देव्हाऱ्यात देव तीन.

"आज काय विशेष?" पिराजींनी शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"देवाला लावायला विशेष लागतं का?" सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि सहावी पेटवून स्वतःच्या खाटेशी लावली. खाटेवर देव नव्हता.

पिराजींनी मशीन थांबवलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. उदबत्तीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. बाईंच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. गाठीसकट डावा स्तन काढला होता. टाक्यांवरची पट्टी त्या न्हाणीघराला आतून कडी लावून स्वतःच बदलत. आज पदराखाली ब्लाऊजवर तळहाताएवढा ओला डाग होता.

"दाखव."

"काही नाही. स्वल्प ओलं आहे."

"अंग तापलंय तुझं. मघाशी पेला घेताना हात लागला."

"चहा गरम होता."

बाई खाटेच्या कडेला बसल्या.

"ते परत आलंय. मला कळतंय. दाखवलं की पुन्हा कापतील. आणखी कापायला उरलंय काय?"

"तू डॉक्टर का?"

"तुम्ही आहात का?"

"मी शिंपी. कापड विरणं वेगळं, शिवण उसवणं वेगळं. कुठलं झालंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. चपला घाल."

हॉस्पिटल येईपर्यंत ऑटोत बाई पदर डाव्या अंगाला गच्च धरून बसल्या.

डॉक्टर रूपश्री त्यांना पडद्याआड घेऊन गेल्या. पिराजी बाहेर थांबले. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं त्यांनी शिवली होती, पण टेप कुणाच्या अंगाला लावली नव्हती. मापाला जुनं ब्लाऊज मागून घ्यायचं, ही वडिलांची रीत. घरच्या बाईचं मापही चौतीस वर्षं तसंच घेतलेलं.

"हळद कुणी भरली इथे?" आतून डॉक्टरांचं कन्नड ऐकू आलं.

"मीच. घरी कुटलेली आहे, भेसळ नाही," बाईंनी कन्नडातच खात्री दिली.

मग बराच वेळ नुसता ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाज.

"अम्मा, हा कॅन्सर नाही. जखमेत जंतू शिरलेत, पू झालाय. दोन टाके सोडून मोकळा केलाय, थोडा तपासायला पाठवते. गोळ्या सगळ्या संपवायच्या, मधेच सोडायच्या नाहीत. चार दिवस आधी आला असतात तर इतकं चिघळलं नसतं. आता हे भरेपर्यंत पुढची ट्रीटमेंट थांबली."

"म्हणजे ते परत आलं नाही?"

"बारा दिवसांत ते असं पू होऊन येत नाही, अम्मा."

आत कुणीतरी रडलं. बाहेर पिराजींनी भिंतीवरचं चौऱ्याण्णव सालचं कॅलेंडर सरळ केलं. ते सरळच होतं.

"जखम थोडी उघडी ठेवलीय. रोज धुऊन पट्टी बदलावी लागेल. घरी कोण करणार?"

"मीच करते."

"तुम्हाला काखेकडची बाजू दिसत नाही."

मग डॉक्टरांनी पडदा सारला.

"अण्णा, या. साबणाने हात धुवा, कोपरापर्यंत. कसं करायचं ते बघून घ्या."

पिराजींनी हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण उचलला तेव्हा नर्सने तो काढून घेतला. मग ते पलंगाशी आले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक पाण्याची टाकी होती.

सरस्वतीबाईंचा हात पदर ओढून घ्यायला वर गेला. अर्ध्यात थांबला. खाली आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "चष्मा लावा."