आतून पुसलेली काच

स्मृति नगरातल्या घरात नीरजा सासऱ्यांची खाऱ्या पाण्यातल्या माशांची छोटी टाकी सांभाळत होती. प्लांटमधून रिटायर झाल्यावर हरिभाऊंनी ती हौसेने लावली होती. ते वारले आणि महिनाभरात काचेवर हिरवं शेवाळ चढलं. नीरजाने टाकीचा लाइट कमी केला, माशांचा दाणा निम्म्यावर आणला, पाणी बदललं. तरी शेवाळ वाढतच राहिलं.

फक्त समोरच्या काचेवर तळहाताएवढी एक जागा स्वच्छ राहायची.

"एवढीच जागा कावून पुसते वो तू?" तिच्या नवऱ्याने, गंधारने विचारलं.

"मी नाई पुसत."

त्याने काचेवर बोट फिरवून पाहिलं. "हे तर आतून पुसलं हाये."

नीरजाने मान खाली घातली. लकवा झाल्यावर हरिभाऊंच्या तोंडातून लाळ गळायची. भिशीच्या बाया घरी आल्या की ती त्यांची खुर्ची टाकीकडे वळवून ठेवायची, पाहुण्यांकडे पाठ करून. दोन-दोन तास ते काचेत बघत बसायचे. आता स्वच्छ राहणारी जागा बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. गंधारला हे तिने कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो ड्यूटीवर गेल्यावर, ती त्याच खुर्चीत बसली.

"बाबा, मले तुमची लाज वाटे," ती म्हणाली. "आता माझीच वाटून राहिली."

हरिभाऊ उंच होते, नीरजा बुटकी. ती जागा तिच्या कपाळाच्याही वर होती. ती बघत असतानाच त्या जागेखालचं शेवाळ आतून हळूहळू पुसलं जाऊ लागलं. जे काही पुसत होतं ते खाली सरकत बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि थांबलं.